तिसऱ्या तासाची लांब घंटा

दिवाळी अंकासाठी तुमचे अनुभव लिहा, असं सांगायला शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनी लालबागला आमच्या खोलीवर आल्या, तेव्हा मी त्यांना आधी चहा दिला आणि मग नाही म्हटलं. गिरगावातल्या त्या शाळेत मी एकोणतीस वर्षं शिपाई होते. एवढ्या वर्षांत माझ्या हातचं लिखाण म्हणजे मस्टरवरच्या सह्या आणि एक खुलासा. खुलासा एका ओळीचा, आणि तोही खोटा. त्यातली एक मुलगी कप खाली ठेवत म्हणाली, मावशी, मग त्या खुलाशावरच लिहा. ती त्या वर्षी दहावी ब मध्ये होती, म्हणजे तिला विचारायचा हक्क होता. शिवाय ज्यांच्यासाठी मी इतके दिवस गप्प होते ते टिपणीस आजोबा गेल्या वर्षी गेले, आणि मी गेल्यावर खुशाल सांगा, असं त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं. तेव्हा लिहिते.

शिपायाचं काम काय असतं, हे शाळेत शिकलेल्या माणसालाही नीट ठाऊक नसतं. त्याला वाटतं, मावशी स्टुलावर बसून असते. सकाळी सव्वासहाला कुलपं उघडायची, वीस खोल्यांच्या खिडक्या उघडायच्या, टाकीत पाणी चढलंय का बघायचं, खडू वाटायचे, घरी विसरलेला डबा घेऊन आलेल्या आईला वर्गापर्यंत जाऊ न देता डबा तेवढा पोचवायचा. कुणा पोराच्या नाकातून रक्त आलं, कुणी जिन्यात ओकलं, की शिक्षक आधी हाक मारतात ती मावशीला. सूचनावही वर्गावर्गात फिरवायची तीही मावशीनेच. पण हे सगळं कोणीही करेल. घंटा मात्र कोणीही देऊ शकत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आमची घंटा म्हणजे पितळेची जाड थाळी. तळमजल्यावर ऑफिसच्या दाराबाहेर साखळीने टांगलेली, शेजारी खुंटीला लाकडी टोला. मधोमध मारलं तर थाळी बद्द वाजते आणि तिसऱ्या मजल्यावर काही ऐकू जात नाही. काठापासून दोन बोटं आत मारायचं आणि टोला लगेच मागे घ्यायचा, मग तो आवाज गल्लीच्या टोकाला जातो. पहिल्या तासाला एक टोल, दुसऱ्याला दोन, असं करत जायचं. मधल्या सुट्टीला दोन-दोनच्या जोड्या. आणि शाळा सुटायची ती लांब घंटा. ती मोजायची नाही, हात भरून येईपर्यंत वाजवत राहायची. मध्ये एकदा विजेची घंटा बसवली होती. ती गणिताच्या सरांसारखी, मनात आलं की ओरडायची. दोन महिन्यांत ती काढली आणि मी पुन्हा टोला हातात घेतला.

घंटा देणाऱ्याला गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. इतिहासाचे एक सर जिन्यातून हळूच पाच बोटं दाखवायचे. म्हणजे पाच मिनिटं थांब, पानिपत अर्धं राहिलंय. त्यांच्या शेजारच्या वर्गात संस्कृतच्या बाई, त्या खिडकीतून डोकावून मला घड्याळ दाखवायच्या. मी दोघांकडेही न बघायला शिकले. घंटा एकदा कुणाच्या भिडेने दिली की ती सगळ्यांची होते आणि मग कुणाचीच राहत नाही.

हे शहाणपण काही जन्मतः नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी मधल्या सुट्टीला लांब घंटा दिली होती. सासूबाई इस्पितळात, रात्री झोप नाही, ध्यान ठिकाणावर नव्हतं. हात सुरू झाला तो थांबलाच नाही. पाच मिनिटांत हजार पोरं फाटकाबाहेर. मैदानात फक्त एक चप्पल राहिली होती. मी भिंतीला टेकून रडत होते. तेव्हाचे मुख्याध्यापक बाहेर आले, मैदानाकडे बघितलं, आणि क्लार्कला म्हणाले, आज शाळा लवकर सुटली असं लिहा. क्लार्क म्हणाला, पण सर, पोरं पळाली की. त्यावर सर जे बोलले ते मी कधी विसरले नाही.

“पळाली कशी? लांब घंटा झाली ना? लांब घंटा झाली की शाळा सुटली. त्यानंतर गेलेल्या पोराला पळाला म्हणता येत नाही.”

त्या वेळी मला फक्त नोकरी वाचल्याचा आनंद झाला. ते वाक्य किती कामाचं आहे, हे पुढे सत्तावीस वर्षांनी कळलं.

आता राघोमामांविषयी. आमच्या सभागृहात पगडीवाल्या संस्थापकांचे आणि देणगीदारांचे फोटो आहेत, पण घंटेच्या वर भिंतीवर एकच फोटो आहे, आणि तो शिपायाचा. राघो मांजरेकर. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, मिशी. मालवणकडचा माणूस, म्हणजे आमच्याकडचाच. मी रोज सकाळी घंटेआधी त्यांच्या फोटोला फूल वाहायची. देवाला वाहायला एखाद दिवस विसरले असेन, राघोमामांना नाही. मुंबईत एवढ्या शाळा, पण शिपायाचा फोटो लावलेली दुसरी शाळा मला तरी माहीत नाही. त्या फोटोखाली बसून काम करताना मला कधी कमी वाटलं नाही.

फोटो का लावला, ती गोष्ट आमच्या शाळेत पाचवीच्या पोरालाही पाठ असते. कॅलेंडरात क्रांतिदिन नऊ ऑगस्टला छापतात. आमची शाळा तो दहाला पाळते. बेचाळीसच्या साली नऊ तारखेला रविवार होता, आणि रविवारी शाळेतून उठून जाणार कुठून? पहाटे पुढाऱ्यांना धरलं, दिवसभर गिरगावात धुमसत होतं, आणि सोमवारी शाळा नेहमीसारखी भरली. तिसऱ्या तासाला वेळ झालेली नसताना राघोमामांनी लांब घंटा दिली. ती खूण ऐकून मॅट्रिकचा वर्ग उठला. चाळीस मुलं-मुली शिक्षकांना न जुमानता खाली उतरली आणि गल्लीच्या तोंडाशी पाणपोई आहे तिथपर्यंत गेली. तिथे लाठ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. राघोमामांनी एकच जबानी दिली: “आधी घंटा, मगे पोरां.” त्यांची नोकरी गेली. स्वराज्य आल्यावर शाळेने त्यांना मानाने परत बोलावलं आणि त्यांनी निवृत्त होईपर्यंत तीच घंटा दिली.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. दहा ऑगस्टला तिसऱ्या तासात कधीतरी लांब घंटा होते. कधी, ते फक्त शिपाई ठरवतो आणि मुख्याध्यापकांनासुद्धा सांगत नाही. घंटा झाली की मुलांनी वह्या मिटून उठायचं. शिक्षकांनी म्हणायचं, बसा खाली. मुलांनी ऐकायचं नाही. जिन्याच्या वळणावर मुख्याध्यापक उभे राहतात आणि म्हणतात, वर्गात परत जा. मुलांनी त्यांच्या बाजूने मुकाट निघून जायचं, पाणपोईला हात लावायचा आणि परत यायचं. वर्षातून एक दिवस न ऐकणं हाच नियम. पाचवीतली नवी पोरं यात फार गोंधळतात. एकदा एक पोरगा बाई बसा म्हणाल्या म्हणून खरंच बसून राहिला. शेवटी बाईंनीच त्याला कानात सांगितलं, ऊठ रे, आज ऐकायचं नाहीये. वर्षभर सगळ्यांचे हुकूम ऐकणाऱ्या मला त्या दिवशी एक मिनिट स्वतःचं मिळायचं. तिसरा तास सुरू झाला की सगळी शाळा कान टवकारून बसलेली असायची आणि मी मुद्दाम हळूहळू सुपारी कातरत बसायची.

माझी दोन-अडीच वर्षं राहिली असताना दादरच्या एका शाळेतून नव्या मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या भाषेत मुख्याध्यापिका. माणूस चांगला, कामाला वाघ. त्यांनी जानेवारीत आग लागल्यावर काय करायचं त्याची तालीम ठेवली. आगीच्या बंबाचे एक अधिकारी आले. लांब घंटा झाली की सगळ्यांनी मैदानात जमायचं, असं ठरलं. मी बाईंना म्हटलं, दुसरी काहीतरी खूण ठेवा, लांब घंटेची आमच्या पोरांना वेगळी सवय आहे. बाई म्हणाल्या, मावशी, घंटा ती घंटा.

दिली घंटा. पोरं उतरली. शिक्षक ओरडले, मैदानात थांबा, कुणी बाहेर जाऊ नका. ते ऐकल्यावर तर पोरांची खात्रीच पटली. सगळी शाळा हसत हसत फाटकातून पाणपोईकडे गेली. मैदानात तो अधिकारी शिट्टी तोंडात धरून, आणि त्याच्यासमोर रांगेत उभे असलेले अकरा शिक्षक. मला हसू आवरेना. पण ते फार वेळ टिकलं नाही. गल्लीत एक स्कूटर वळली आणि सहावीतल्या एका मुलीच्या पायावरून चाक गेलं. घोट्याला प्लॅस्टर घालावं लागलं. मोठ्या बाई स्वतः तिला उचलून टॅक्सीने इस्पितळात घेऊन गेल्या. परत आल्या त्या थेट सहावीच्या वर्गात जाऊन त्या मुलीचं दप्तर स्वतः आवरत बसल्या. ते मी पाहिलंय, म्हणून त्यांना कुणी नावं ठेवली की मला आवडत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सूचना काढली. दहा तारखेला कार्यक्रम सभागृहात होईल. आठ निवडक मुलं मंचावर त्या प्रसंगाची नाटिका करतील, बाकीच्यांनी बसून बघायचं. तिसऱ्या तासाला घंटा होणार नाही. परवानगीशिवाय वर्ग सोडणाऱ्यांची ‘वर्गातून पळाले’ अशी नोंद होईल, पालकांना बोलावलं जाईल, आणि दहावीच्या मुलांच्या दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा तसा पडेल. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ: शिपायांनी याची नोंद घ्यावी. मी सही केली. मग तीच वही घेऊन मी वर्गावर्गात फिरले, कारण ती फिरवणं माझंच काम.

दहावी ब मध्ये बाईंनी सूचना वाचली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारलं, मावशी, म्हणजे दहाला घंटा नाही? मी नाही म्हटलं.

“मग आम्ही कशावर उठायचं?” ती म्हणाली.

मी वही काखेत धरून बाहेर आले. घरी मिस्टरांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, “तुका काय करूचा आसा? गप ऱ्हव. दोन वर्सां रवली.” त्यांचंही चूक नव्हतं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी वॉचमनची कामं धरली-सोडली होती, आणि घरात कायम म्हणावी अशी नोकरी माझीच होती.

दहा तारखेला टिपणीस आजोबा नेहमीप्रमाणे टॅक्सीने आले. बेचाळीसच्या त्या चाळीस जणांतले ते शेवटचे. नव्वदीला टेकलेले, स्वच्छ धोतर, हातात काठी. दरवर्षी तेच प्रमुख पाहुणे, आणि दरवर्षी तीच गोष्ट ते मंचावरून सांगायचे: घंटा झाली आणि आम्ही उठलो. कार्यक्रम चौथ्या तासाला होता. जिना चढायला त्यांना वेळ लागायचा म्हणून तोपर्यंत ते घंटेशेजारी खुर्चीवर बसून माझ्याशी गप्पा मारायचे. त्या दिवशी मी चहा दिला पण बोलले नाही. त्यांनी दोनदा विचारल्यावर मी सगळं सांगितलं. म्हटलं, आजोबा, या फोटोखाली मी एवढी वर्षं काढली. राघोमामांनी नोकरीवर पाणी सोडून घंटा दिली, आणि मी सही करून गप्प बसलेय.

आजोबांनी कप खाली ठेवून फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, “परबबाई, राघोने आम्हाला उठवायला घंटा दिलीच नव्हती.”

मला आधी वाटलं, वयामुळे घसरले. पण ते पूर्ण शुद्धीवर होते. म्हणाले, खूण वगैरे काही नव्हती. तिसऱ्या तासाला आमच्यातली एक मुलगी उठली, तिच्यामागे सगळे उठलो. राघो फाटकाशी तंबाखू मळत होता. आम्ही त्याच्या समोरून गेलो. त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आम्ही पाणपोईपाशी पोचलो तेव्हा मागून लांब घंटा ऐकू आली.

“मग ती दिली कशाला?” मी विचारलं.

“शाळा सोडून पळालेल्या मुलांचे मॅट्रिकचे फॉर्म शाळा पाठवणार नव्हती. चौकशीत त्यांना नावं हवी होती. राघो म्हणाला, पळाला कोण? शाळा सुटली होती, मी घंटा दिली. आधी घंटा, मगे पोरां. सगळ्यांना माहीत होतं की उलटं झालंय. पण घंटा गल्लीभर ऐकू आली होती, ती नाही कशी म्हणणार? आमच्यातल्या एकाचंही नाव लिहिलं गेलं नाही. त्याला काढलं.”

मला खरं सांगायचं तर राग आला. माझ्या राघोमामांना कुणी खुंटीवरून उतरवून ठेवल्यासारखं झालं. मी आजोबांना जरा कडकच विचारलं की मग इतकी वर्षं तुम्ही मंचावरून खोटं का सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, आधी फॉर्मसाठी गप्प बसलो, चाळीसही जण. ते मला अजून टोचतं. राघो परत आल्यावर आम्ही त्याच्याकडे गेलो होतो, की आता खरं काय ते जाहीर करू. तर तो म्हणाला, “माका खोटो पाडू नकात.” मग नाही पाडला.

ते असं म्हणाले आणि वर तिसऱ्या मजल्यावर बाकं सरकली.

एकोणतीस वर्षं तळमजल्यावर बसलेल्या माणसाला वरचं सगळं कानांनी दिसतं. एक बाक सरकलं तर कुणीतरी उत्तर द्यायला उठलंय. वर्गाची सगळी बाकं एकदम सरकली तर शिक्षक आत आलेत. ही एकामागून एक सरकत होती, आणि नंतर कुणी बसत नव्हतं. मग जिन्यावर पावलं. बोलणं नाही, हसणं नाही.

मोठ्या बाई धावत ऑफिसातून निघून जिन्याच्या वळणावर गेल्या. त्यांनी हात आडवा केला आणि म्हणाल्या, वर्गात परत जा. अगदी मनापासून म्हणाल्या. पण बाईंचा तरी नाइलाज असा, की दरवर्षी त्याच जागी उभं राहून मुख्याध्यापक तेच वाक्य म्हणतात. मुलांनी माना खाली घातल्या आणि रीतीप्रमाणे त्यांच्या बाजूने निघून आली. पुढे ती पहिल्या बाकावरची मुलगी होती. माझ्या समोरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, पण काही मागितलं नाही. फाटकाची कडी तिनेच काढली. दहावी ब चे अडतीस जण रस्त्यावर गेले.

मी दाराकडे बघितलं तर ऑफिसातून क्लार्क नोंदवही घेऊन बाहेर येत होता. त्याच्या पेनाचं टोपण काढलेलं होतं. तेव्हा मला आमच्या जुन्या सरांचं वाक्य आठवलं, आणि राघोमामांनी काय केलं होतं ते खऱ्या अर्थाने कळलं. पोरांना उठवायला कुणीच लागत नाही. उठल्यानंतर त्यांच्या पाठीशी कुणीतरी असावं लागतं. नोकरीही आठवली, मिस्टरांचं गप ऱ्हवही आठवलं, कशाला लपवू. हात तरीही खुंटीकडे गेला होता.

मी लांब घंटा दिली. काठापासून दोन बोटं आत, आणि जितकी जोरात कधी दिली नव्हती तितकी. खांदा दुखायला लागला तरी थांबले नाही. बाकीचे वर्ग त्या आवाजाची वाटच बघत असल्यासारखे खाली आले. पाचवीपासून सगळे. क्लार्क वही छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला.

टोला खुंटीला लावून मी फाटकाकडे पळाले, कारण मला त्या स्कूटरची धास्ती होती. बघते तर आजोबांची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आडवी लावलेली. एक सायकलसुद्धा आत येऊ शकत नव्हती. मागून काठी टेकत आजोबा आले. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर म्हणाले, मीच त्याला तिथे थांबायला सांगितलं होतं, म्हटलं उठलीच मुलं तर. मग त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघं त्या गर्दीतून पाणपोईपर्यंत गेलो. बारीक पाऊस होता. त्यांनी दगडावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. “एवढ्याच वेळाने झाली होती घंटा,” ते म्हणाले. “आम्ही इथे पोचलो होतो.” म्हातारा रडत होता आणि मीही.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. लेखी मनाई असताना तिसऱ्या तासाला घंटा का दिली आणि विद्यार्थ्यांना वर्ग सोडण्यास का प्रवृत्त केले, याचा खुलासा करावा. मिस्टर त्या रात्री जेवले नाहीत, पण सकाळी निघताना त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून मला दिलं. मी ऑफिसात उभ्या उभ्या एक ओळ लिहिली: आधी घंटा झाली, त्यानंतर मुले वर्गातून उठली.

मोठ्या बाईंनी कागद वाचला. क्लार्कला बाहेर जायला सांगितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मावशी, मी जिन्यात उभी होते. दहावी ब माझ्या समोरून गेली तेव्हा घंटा झालेली नव्हती.”

“झाली होती, बाई. गडबडीत तुम्हाला ऐकू आली नसेल.”

“म्हणजे त्या मुलांकडे बोट दाखवायचं नाही. सगळं तुमच्यावर.”

बाईंनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मग म्हणाल्या, त्या मुलीचं प्लॅस्टर निघेपर्यंत मी नीट झोपले नव्हते हो. मी म्हटलं, ठाऊक आहे मला. त्यांनी कागदावर लिहिलं: समज दिली. खुलासा मान्य. घंटा झाल्याने शाळा सुटली, विद्यार्थ्यांची नोंद घेण्याचे कारण नाही. खाली सही. आणि मला विचारलं, तो टॅक्सीवाला पुढच्या वर्षी येईल का?

पुढच्या वर्षी टॅक्सी लागली नाही. बाईंनी चौकीतून हवालदार मागवला आणि दोन्ही टोकांना पालक उभे केले. सूचनेत घंटेविषयी एक अक्षर नव्हतं. तिसऱ्या तासाला त्या जिन्याच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. मी टोला हातात घेतला नाही, सुपारी कातरत बसून राहिले. वर बाकं सरकली. बाई म्हणाल्या, वर्गात परत जा. पोरं पाणपोईशी पोचल्यावर मी घंटा दिली. कुणी विचारलं नाही आणि आम्ही कुणी बोललो नाही, पण आता तीच रीत आहे. मंचावर आजोबांनी मात्र जुनी गोष्टच सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे बघून हसले.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ते चाळीस जण असेपर्यंत खरं लिहिलं गेलं नाही, आणि राघोमामांनी ज्यासाठी नोकरी घालवली ते शौर्य कुणालाच कळलं नाही. ते ज्याच्यासाठी मिरवले गेले त्यापेक्षा त्यांनी केलेलं मोठं होतं, असं मला वाटतं. आता मी त्यांना खोटं पाडतेय, तर त्यांनी मला माफ करावं. फोटो तिथेच आहे. फूल वाहायला मी नव्या शिपायाला बजावून आलेय.

हा नवा शिपाई चांगला बाप्या माणूस आहे, दोन मुलांचा बाप, काळाचौकीला राहतो. यंदा आठ ऑगस्टला त्याचा फोन आला. आवाजावरून घाबरलेला वाटला. तिसऱ्या तासाला घंटा नक्की कितीला द्यायची, हे ऑफिसात कुणी सांगत नाही म्हणाला. मी सांगितलं, घड्याळ बघू नकोस, वर कान ठेव. बाकं सरकतील, पावलं उतरतील, फाटकाची कडी वाजेल. तोवर हात लावायचा नाही. पोरं पाणपोईला पोचली की मग दे, आणि जोरात दे.

तो म्हणाला, “म्हणजे मावशी, आधी पोरं, मग घंटा?”

“हो,” मी म्हटलं. “आणि कोणी विचारलंच, तर आधी घंटा, मगे पोरां.”